चष्मा काढून दिलेली परीक्षा

डॉक्टरांनी चाचणीबद्दल सांगितलं तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "यात विचारतात काय काय?"

ती थट्टा करत नव्हती. महापालिकेच्या मराठी शाळेत तिने एकतीस वर्षं शिकवलं होतं. परीक्षा म्हटली की काय विचारणार, किती वेळ देणार आणि तयारी कधी सुरू करायची, एवढंच तिच्या डोक्यात येत असे. डॉक्टर हसल्या. "काकू, यात अभ्यास नसतो. टॅबवर रंग दिसतात, काकांनी बोट लावायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे."

आईने मान डोलावली. परतताना रिक्षात ती म्हणाली, "अभ्यास नसतो अशी परीक्षा मी अजून पाहिली नाही."

बाबा ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत बसले होते. ते म्हणाले, "बाई, मी नापास झालो तर वर्गाबाहेर उभं करणार का?" आईला ते 'बाई' म्हणत, तिचे विद्यार्थी म्हणत तसंच.

बाबांचं वय तेव्हा अडुसष्ट. त्यांना लिव्हर सिरॉसिस असल्याचं वर्षभरापूर्वी कळलं होतं. वीस वर्षांचा मधुमेह, पोटावरची चरबी आणि त्यातून हळूहळू घट्ट होत गेलेलं लिव्हर, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. बाबांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. दर रविवारी ते विहारात जात, पंचशील म्हणत, आणि दारू न पिण्याचं पाचवं शील म्हणताना त्यांचा आवाज इतरांपेक्षा थोडा वर असे. आजार कळल्यापासून तो खाली आला होता. लिव्हर म्हटलं की लोक एकच अर्थ काढतात. त्यामुळे विहारात, बिल्डिंगमध्ये, गावाकडच्या नातेवाइकांत आम्ही एवढंच सांगितलं होतं की त्यांना पोटाचा त्रास आहे.

चाचणीचं कारण असं होतं. लिव्हर नीट काम करत नसलं की आतड्यात तयार होणारी काही द्रव्यं रक्तातून गाळली जात नाहीत. ती मेंदूपर्यंत पोचतात. पुढच्या टप्प्यात माणूस बरळतो, दिवस-रात्रीचा घोळ करतो, बेशुद्धही होतो. पण त्याच्या आधी एक टप्पा असतो, ज्यात बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस बोलतो, पेपर वाचतो, विनोद करतो. फक्त एका गोष्टीवरचं लक्ष काढून दुसरीवर न्यायला त्याला वेळ लागतो. सेकंदाचा काही भाग. तो भाग घरातल्या कुणाला मोजता येत नाही, म्हणून टॅब.

डॉक्टरांनी विचारलं होतं, "काका, गाडी चालवता?"

"रोज," बाबा म्हणाले. "स्कूटर आहे. नातीला शाळेत सोडतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग टेस्ट करूनच घेऊ. तोवर गाडी बंद."

टेस्ट घेणारी मुलगी आठवड्यातून एकदाच त्या हॉस्पिटलमध्ये येत असे. तारीख बारा दिवसांनंतरची मिळाली.

त्या बारा दिवसांत माझी मुलगी माझ्याबरोबर शेअर रिक्षाने शाळेत गेली. ती दुसरीत होती. बायको सकाळी सव्वासहाला कामावर निघते. मी एका मराठी दैनिकात डेस्कवर काम करतो; पान छपाईला गेल्यावरच घरी येतो आणि सकाळी नऊपर्यंत झोपतो. मुलगी बालवाडीत गेली तेव्हापासून तिला शाळेत पोचवण्याचं काम बाबांचं होतं. मीरा रोडच्या आमच्या इमारतीपासून शाळा स्कूटरने सात मिनिटांवर आहे. सहा पन्नासला निघायचं, सात वाजता फाटकाशी. बाबांनी तीन वर्षांत एकदाही उशीर केला नव्हता.

बाबांनी चाचणीत पास व्हावं असं मला वाटत होतं. त्यात त्यांचा मान होता, आजोबांबरोबरच जायचं हा नातीचा हट्ट होता आणि माझी अडीच तासांची झोप होती. हा क्रम मी आज लावतोय. तेव्हा तो कदाचित उलटा होता.

चाचणी कशी असते हे आम्हाला एका कात्रणातून माहीत होतं. ते कात्रण आमच्याच पेपरचं होतं. काही महिन्यांपूर्वी आरोग्याच्या पानासाठी एक मजकूर आला होता: लिव्हरच्या रुग्णांच्या मेंदूवर परिणाम होतोय का हे मोबाइलवर किंवा टॅबवर कसं तपासतात. आधी रंगीत खुणा दिसतात, खालच्या तीन रंगांपैकी योग्य रंगावर बोट लावायचं. मग रंगांची नावं दिसतात, पण चुकीच्या रंगात. 'लाल' हा शब्द हिरव्या अक्षरांत. इथे शब्द सोडून द्यायचा आणि अक्षरांचा रंग निवडायचा. चूक झाली की ती फेरी तिथेच थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून. सगळ्या फेऱ्यांना मिळून किती वेळ लागला ते मोजतात.

मजकूर पानावर तीन ओळी जास्त होत होता. बातमी कापायची ती खालून, हा डेस्कचा नियम. महत्त्वाचं वर असतं असं धरलेलं असतं. शेवटच्या तीन ओळींत लिहिलं होतं की सरावाने या चाचणीतला वेळ कमी होऊ शकतो, म्हणून रुग्णांनी घरी तिची तयारी करू नये. त्या ओळी मी कापल्या. उरलेला मजकूर छापून आला, आईने तो कात्रीने कापून बाबांच्या फाइलमध्ये लावला. बाबांच्या आजाराबद्दल आमच्या पेपरात आलंय याचा तिला थोडा अभिमानही होता.

तेव्हा सराव करू नये हे घरात एकट्या मला माहीत होतं. मुलीच्या टॅबवर तसाच रंगांचा एक फुकट खेळ मीच डाउनलोड करून दिला.

आईने वेळापत्रक केलं. सकाळी साडेदहा ते सव्वाअकरा, संध्याकाळी पाच ते पावणेसहा. जागा जेवणाचं टेबल. बाबा समोर, ती बाजूला, टॅब आमटीच्या पातेल्याला टेकवून उभा. पहिल्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आलो तेव्हा त्यांचं चाललं होतं.

"वाचू नका म्हटलं ना. वाचता कशाला?"

"लिहिलेलं दिसलं की वाचायचं, हीच तर नोकरी होती माझी."

"ती नोकरी संपली. पेन्शन मिळतंय. आता नुसता रंग बघा."

"निळा."

"निळा लिहिलंय. रंग कुठला?"

बाबा थांबले. "लाल."

"मग बोट निळ्यावर का गेलं?"

"बोटाला विचार."

नोकरीचं त्यांचं म्हणणं खरं होतं. बाबा टपाल खात्यात सॉर्टर होते. समोर लाकडी कप्प्यांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर नजर टाकायची आणि पत्र कप्प्यात. छत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं. पिनकोड तोंडपाठ. माझ्या मुलीचा आणि त्यांचा शाळेच्या वाटेवरचा खेळही तोच होता. तिने कुठल्याही गावाचं नाव घ्यायचं, त्यांनी पिनकोड सांगायचा. ती पाटीवर, बसवर, दुकानाच्या फलकावर वाचलेली गावं विचारायची. ते न अडखळता सांगायचे. आम्ही कधी तपासून पाहिलं नव्हतं. ते चुकले असते तरी आम्हाला कळलं नसतं.

पहिले पाच दिवस प्रगती कमी होती. रंगीत खुणांची फेरी त्यांना जमायची. शब्दांची फेरी सहाव्या-सातव्या शब्दाला मोडायची. आई चिडायची नाही. तिची पद्धत चिडण्याची नव्हतीच. ती पुन्हा पहिल्यापासून घ्यायची. माझी मुलगी शाळेतून आली की आजोबांच्या खुर्चीमागे उभी राहून उत्तरं सांगायची.

"मध्ये बोलू नकोस गं," आई तिला म्हणायची. "परीक्षेत तू असणार आहेस का?"

"मला घेऊन जा. मी आजोबांच्या मांडीवर बसते."

सहाव्या दिवशी बाबा चष्मा बाथरूममध्ये विसरून टेबलाशी आले. जवळचं वाचायला त्यांना चष्मा लागतो; त्याशिवाय पेपरचा मथळाही धूसर दिसतो. आईने खेळ सुरू केला आणि शब्दांची फेरी ते एका दमात पूर्ण करून बसले. मग दुसरी. मग तिसरी.

आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "चष्मा कुठाय?"

"आतमध्ये. आणतो थांब."

"आणू नका." तिने टॅब त्यांच्या आणखी जवळ सरकवला. मग म्हणाली, "शब्द दिसतायत तुम्हाला?"

"शब्द कसले, नुसते रंगीत पट्टे दिसतायत."

"बसा तसेच. परत करा."

शब्द वाचता आला नाही तर तो आड येणार नाही. सगळी चाचणी ज्या अडथळ्यावर उभी आहे तो अडथळा चष्म्याबरोबर बाथरूममध्ये राहिला होता. आईला त्यामागचं शास्त्र ठाऊक नव्हतं. एखाद्या मुलाला गणित कशाने सुटतं हे ओळखायचं तिला ठाऊक होतं. ती मला म्हणाली, "बघ, जमतंय त्यांना. उगाच घाबरलो आपण." मी चहा पीत होतो. मी म्हणालो, "हो, जमतंय." उरलेले दिवस सराव चष्म्याशिवाय झाला.

चाचणीच्या दिवशी मी बरोबर गेलो. लहान खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचं पोस्टर. टेस्ट घेणारी मुलगी पंचविशीची होती, हिंदीत बोलत होती. आईला तिने कोपऱ्यात बसू दिलं. मी दाराशी उभा होतो. टॅबवर भाषा निवडायची होती. तिने हिंदी निवडली. बाबांना वाचता येतं का विचारलं. बाबा म्हणाले, "पूरा भारत का अड्रेस पढ़ा है."

मग त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि खिशात ठेवला.

"अंकल, चश्मा पहन लो ना."

"पास का दिखता है," बाबा म्हणाले.

तिला खोटं वाटावं असं त्यात काही नव्हतं. तिने सुरू केलं. बाबा एकही फेरी न मोडता पुढे गेले. आईचे ओठ हलत होते. वर्गात मुलगा पाढा म्हणताना तिचे हलायचे तसे.

डॉक्टरांनी निकाल बघितला. "सध्या तरी काही दिसत नाहीये. औषध आत्ताच सुरू करायची गरज वाटत नाही. तीन महिन्यांनी परत बघू. गाडी चालवायला हरकत नाही, पण झोप बिघडली, अक्षर बदललं, विसरायला लागले, तर लगेच या."

घरी येऊन आईने शिरा केला. पेढे वाटले असते, पण कशाचे ते सांगता आलं नसतं. बाबांच्या वाटीत दोन चमचे शिरा होता. मुलीने विचारलं, "आजोबांचा कितवा नंबर आला?" बाबा म्हणाले, "पहिला. वर्गात मी एकटाच होतो."

दुसऱ्या दिवसापासून स्कूटर सुरू झाली. मी नऊपर्यंत झोपलो.

त्यानंतरच्या सात आठवड्यांत जे दिसलं ते इथे नोंदवतो. दिसलं तेव्हा ते एकत्र दिसलं नाही. बाबा दुपारी जास्त झोपू लागले. सोसायटीच्या नोटिशीवर त्यांनी केलेली सही नेहमीपेक्षा खाली उतरत गेली होती. एकदा त्यांनी दुधाची पिशवी कापली आणि दूध पातेल्यात न ओतता पातेल्यावर झाकण ठेवलं, स्वतःच हसले. इमारतीचा वॉचमन मला म्हणाला, "अंकल गाड़ी खड़ी करते हैं, चाबी लगी रहती है, इंडिकेटर चालू रह जाता है." मी म्हटलं, बघतो. ऑफिसमध्ये मी रोज शंभर ओळींतला एक चुकलेला अनुस्वार पकडतो. इंडिकेटरचं मी घरी सांगायला विसरलो.

तो मंगळवार होता. फोन वाजला तेव्हा मी झोपेत होतो. उचलला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याआधी त्याच नंबरवरून तीन फोन येऊन गेले होते. पहिला सात बेचाळीसला.

बाईचा आवाज होता. "पोरगी तुमचीच हाय ना? गळ्यातल्या कार्डावर नंबर हाय. म्हातारे बाबा आमच्या ओटीवर बसलेत. पडले न्हाय, लागलं न्हाय. घाबरू नका. पन या लवकर."

"कुठून बोलताय?"

"तारोडीवरून."

तारोडी उत्तनच्या पट्ट्यात आहे. आमच्या घरापासून शाळा पूर्वेलाच, वळणं दोन. तारोडीला जायचं तर पूल ओलांडून भाईंदर पश्चिमेला जायचं, मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकायची, खाडी आणि मिठागरांच्या कडेने पुढे जात राहायचं. सकाळच्या वेळी स्कूटरला पाऊण तासाच्या आसपास. त्या रस्त्यावर समोरून बस येतात, पाण्याचे टँकर येतात.

आईला उठवावं लागलं नाही, ती स्वयंपाकघरातच होती. मी तिला सांगितलं. तिने गॅस बंद केला. "कुठं लागलंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "लागलं नाही म्हणतायत." तिने गॅस बंद आहे का ते पुन्हा पाहिलं. मी रिक्षा केली.

रिक्षात बायकोला फोन लावला. ती म्हणाली, "मला मिस्ड कॉल दिसले आत्ता. मीटिंगमध्ये होते." मग तिने विचारलं, "तू झोपला होतास?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "बरं." त्यावर आम्ही नंतरही बोललो नाही.

रस्त्याला लागून बैठं घर होतं. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बाबा, मांडीवर हेल्मेट. स्कूटर सरळ, स्टँडवर लावलेली. किल्ली तशीच होती आणि डावा इंडिकेटर चालू होता. माझी मुलगी युनिफॉर्ममध्ये पायरीवर बसून चहात पाव बुडवून खात होती. फोन करणारी बाई साठीची असेल. तिने मला पाणी दिलं.

मुलगी म्हणाली, "पप्पा, आम्ही चुकलो नाही. आजोबा म्हणाले पुढचं डावीकडे. पण पुढचं डावीकडे आलंच नाही."

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"तीनदा सांगितलं. शाळा गेली, शाळा गेली, शाळा गेली. ते म्हणाले, येतेय."

मी बाबांकडे पाहिलं. ते शांत होते. डोळे उघडे, पण माझा चेहरा ओळखायला त्यांना जरा वेळ लागला असं मला वाटलं. ते म्हणाले, "तू कशाला आलास? झोप झाली का?"

नंतर त्या बाईने झालं ते सांगितलं. स्कूटर तिच्या दारापुढे आपणहून थांबली होती. आजोबांनी नातीला उतरवलं, गाडी स्टँडवर लावली आणि त्या बाईला विचारलं, "इथलं पोस्ट कुठलं?" तिने सांगितलं. ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "हिच्या वडिलांना फोन करा."

"मला वाटलं, कुनाला पत्र घालायचं हाय," ती म्हणाली. "पन हातात पत्र न्हाय."

परतताना आम्ही तिघं रिक्षात. स्कूटर तिच्या अंगणात ठेवली. राईच्या आसपास बाबा बोलले. एवढंच म्हणाले, "पोरीने गाव विचारलं. मला पिन आला नाही. दुसरं विचारलं. तेही आलं नाही. तेव्हा मी गाडी थांबवली."

मुलगी म्हणाली, "सोपं होतं ते. मी भाईंदर विचारलं होतं."

त्याच दिवशी दुपारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बाबांना हात पुढे करायला सांगितले, मनगटं मागे वळवायला सांगितली, वार विचारला. बाबांनी बुधवार सांगितला. मग डॉक्टर जुना निकाल काढून बघू लागल्या. "टेस्ट तर चांगली आली होती," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकर असं का..."

आई म्हणाली, "ती त्यांनी चष्मा काढून दिली होती."

डॉक्टरांनी वर पाहिलं. आईने सगळं सांगितलं. वेळापत्रक, टॅब, बाथरूममध्ये राहिलेला चष्मा. क्रमाने, काही न गाळता, मुख्याध्यापकांना सांगावं तसं. कात्रणाचंही सांगितलं. "पेपरात चाचणी कशी असते ते आलं होतं. सराव करू नका असं त्यात नव्हतं," ती म्हणाली. "असतं तर केला नसता."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होतो. कापलेल्या तीन ओळींबद्दल मी तिथे बोललो नाही. ते मी तिला चार दिवसांनी सांगितलं, ती तांदूळ निवडत असताना. तिने ताट खाली ठेवलं नाही. तिने विचारलं, "जागा नव्हती का?" मी म्हटलं, "तीन ओळी जास्त होत होत्या." ती म्हणाली, "मग काय करणार." एवढंच. पुढे तिने हा विषय काढला नाही. फाइलमधलं कात्रण मात्र तिने काढून टाकलं. ते कधी काढलं हे मला कळलं नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्या आईला म्हणाल्या, "काकू, कॉपी करून पास झालेल्या मुलाचं तुम्ही काय करायचात?"

"परत बसवायचे," आई म्हणाली. "एकट्याला. पहिल्या बाकावर."

आधी औषध सुरू झालं. ते गोड, दाट सिरप असतं. त्याने दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होतं आणि जे मेंदूकडे जायचं ते बाहेर जातं. साधं औषध आहे. सात आठवड्यांपूर्वी ते सुरू करता आलं असतं. पहिले काही दिवस बाबा संडासाच्या जवळपासच राहिले. "मी आता पूर्ण वेळ नोकरीला लागलोय," ते म्हणाले. दहा-बारा दिवसांनी दुपारची झोप कमी झाली. सही सरळ झाली. वार बरोबर सांगू लागले.

चाचणी त्यानंतर झाली. तीच खोली, तीच मुलगी. या वेळी आईने स्वतः पुढे होऊन बाबांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, काड्या कानामागे नीट बसवल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. हात पदराखाली घेतले.

शब्दांची फेरी मोडली. पुन्हा सुरू झाली. पुन्हा मोडली. बाबांचं बोट स्क्रीनच्या वर थांबायचं, थरथरायचं नाही, नुसतं थांबायचं. आईला उत्तर दिसत होतं. मलाही दाराशी दिसत होतं. एकतीस वर्षांत अडलेल्या मुलाला तिने पहिलं अक्षर सांगितलं नाही असं झालं नसेल. या वेळी तिचे ओठ हलले नाहीत. बऱ्याच वेळाने फेऱ्या पूर्ण झाल्या.

डॉक्टर म्हणाल्या, "हा खरा आकडा. आता यावरून पुढे मोजू. औषध चालू ठेवा." बाबांनी विचारलं, "पास का?" त्या म्हणाल्या, "यात पास-नापास नसतं काका." बाबा बाहेर येऊन आईला म्हणाले, "नापासाला असंच सांगतात. तू पण सांगायचीस."

तीन महिन्यांनी तिसरी चाचणी झाली. वेळ बराच कमी झाला होता. चष्मा लावून, सराव न करता. मी गाडीबद्दल विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "जवळपास एकटे जायला हरकत नाही, दिवसा. मुलीला घेऊन जायचं की नाही, ते एका टेस्टवर मी लिहून देणार नाही. घरच्यांनी ठरवा."

घरी कुणी ठरवलं नाही. तारोडीहून मी आणलेली स्कूटर खाली उभी होती. बाबा रोज सकाळी जाऊन तिची सीट पुसत. किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर होती. नाताळची सुट्टी चालू होती, त्यामुळे प्रश्न निघाला नाही.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही जेवायच्या टेबलाशी बसलो होतो. मुलगी वहीला कव्हर घालत होती. तिने विचारलं, "उद्या मला कोण सोडणार? आजोबा की पप्पा?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. बायको पोळ्या डब्यात भरत होती, ती थांबली.

बाबा नातीला म्हणाले, "एक गाव विचार."

ती विचार करू लागली. मग म्हणाली, "तारोडी."

बाबांनी सहा आकडे सांगितले. सावकाश, पण न अडखळता.

माझा हात टेबलाखाली होता. मी मोबाइलवर शोधलं. आकडे बरोबर होते.

बाबा माझ्याकडे बघत होते. "बरोबर?"

"बरोबर."

"बघावं लागलं ना तुला," ते म्हणाले.

मी मोबाइल टेबलावर ठेवला. ते उठले, दाराशी गेले, खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली.

"मागचा ब्रेक ढिला आहे," ते म्हणाले. "पुढच्या चौकात आधीपासून दाबत जा. आणि तिला मागे बसवू नकोस, ती झोपते. पुढे उभी कर."

मुलगी म्हणाली, "पप्पांना पिनकोड येत नाहीत."

"मग तू त्यांना दुसरं काहीतरी विचार," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सहा पन्नासला आम्ही निघालो. मागचा ब्रेक खरंच ढिला होता.